साडेचार इंचांची बाग

माझ्याजवळ छत्रीचा एक दांडा होता. कापड उंदरांनी आणि काड्या गंजाने नेल्यावर उरलेला. त्यावर मी चाकूने इंचाइंचाला खाचा पाडल्या होत्या आणि दर बाराव्या खाचेत तांबडा रंग भरला होता. बरोबर तीन फूट. पनवेलला मी चित्रकलेचा मास्तर होतो त्या वर्षांत हा दांडा घेतल्याशिवाय घराबाहेर पडल्याचं मला आठवत नाही. भाजी आणायला निघालेला माणूस वाटेत एखाद्या विहिरीच्या रहाटाला दांडा लावून उभा राहतो आणि रहाटाचं माप घेऊन, भाजी न घेता, परत येतो, हे माझ्या बायकोने लग्नानंतर वर्षभरातच पत्करलं होतं. "मग आज रहाटाचीच भाजी," एवढंच ती म्हणे आणि आमटीभात वाढी.

छंद होता छोट्या प्रतिकृती करण्याचा. प्रमाण ठरलेलं, पाव इंचाला एक फूट. आमच्या दीड खोलीतल्या एका फळीवर त्या प्रमाणातली एक विहीर होती, एक जकातीची चौकी होती, बंदरातला एक मचवा होता आणि एक मिठाची रास होती. रास मी हौसेने खऱ्या मिठाची केली होती. आषाढात ती पाझरली आणि खालच्या फळीवरच्या गोधड्यांत उतरली. तेव्हापासून मी खडूची पूड वापरू लागलो. कौलांसाठी लग्नपत्रिकांचा पुठ्ठा उत्तम. गावातल्या निम्म्या लग्नांनी माझ्या घरांवर कौलं घातली होती. काही जोडप्यांपेक्षा ती जास्त टिकली.

अशा कामाला हातापेक्षा डोळा जास्त लागतो, आणि डोळा घरात बसून तयार होत नाही. रस्त्यावरून दांडा घेऊन हिंडताना मला कळलं की जुन्या छपराचं आढं कधीच सरळ नसतं. ते म्हाताऱ्या बैलाच्या पाठीसारखं मधे खाली आलेलं असतं. भिंतीचा रंग जमिनीपासून दीड फुटापर्यंत वेगळा असतो, कारण पावसाचं पाणी अंगणातली माती घेऊन तिथवर उडतं. पिंपळाच्या पाराची पूर्वेकडची कड तेवढी घासलेली असते, कारण संध्याकाळची सावली तिकडे पडते आणि माणसं सावलीत बसून बोलतात. घर नवं करणं सोपं आहे. ते वापरलेलं करायचं तर कोणी, कुठे बसून, किती वर्षं वापरलं हे ठाऊक असावं लागतं.

लोकांचा मात्र माझ्या दांड्यावर विश्वास नव्हता. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती आणि सरकार काहीतरी करणार आहे हे सगळ्यांना कळलं होतं. काय, ते कळायचं होतं. एखादा माणूस तुमच्या दाराची उंची घेऊन वहीत लिहितो तेव्हा तो सरकारचाच असणार. मला पाहून एका बाईंनी घाईघाईने कोंबड्या आत घेतल्या होत्या. कोंबड्यांचं माप मी घेत नाही, हे त्यांना पटवायला मला बराच वेळ लागला.

त्या हिवाळ्यात मुंबईहून एक मंत्री येणार असं ठरलं. त्यांच्यासाठी शाळेत प्रदर्शन भरवायचं होतं. स्वागत समिती स्थापन झाली. अध्यक्ष भाताच्या गिरणीचे मालक होते. गृहस्थ सभ्य, फक्त समिती झाल्यापासून ते समोरच्या माणसाशी बोलायचे थांबले होते आणि येणाऱ्या पिढ्यांशी बोलू लागले होते. माझ्या फळीची कीर्ती कोणीतरी त्यांच्या कानावर घातली असावी. त्यांनी मला बोलावलं आणि बंदर व बंदररस्ता यांची मोठी प्रतिकृती करायला सांगितलं. तीन वर्गांतली तीन टेबलं जोडून जागा मिळेल, असं ठरलं. मला आनंद झाला हे कबूल करायला हवं. फळीवरून टेबलावर जाण्याची स्वप्नं मीही पाहिली होती.

बंदराकडे जाताना खाडीच्या अंगाला चार छपरं लागत. तिथे बैलगाड्यांची चाकं तयार होत. बोलायला त्याला सगळे कारखाना म्हणत. कारखान्यात यंत्र असं एकही नव्हतं; लाकूड कोरायचे किकरे, तासायचे वाकस, करवती, आणि मध्ये एक गोल खड्डा, ज्यात लोखंडी धाव तापवून लाल करत आणि चाकावर चढवून खाडीच्या पाण्याने विझवत. धाव आवळली की मधले बारा आरे आणि घेराचे सहा पाटे एकमेकांत घट्ट बसत. लाकूड आणून लगेच वापरत नसत. ते खाडीच्या चिखलात पुरून ठेवत आणि वर्षभर भरतीचं पाणी त्यावरून जाऊ देत. तसं मुरलेलं लाकूड नंतर किडत नाही, चिरत नाही. म्हणून कारखाना खाडीला चिकटून होता आणि गाड्या येत म्हणून रस्त्यालाही. या दोन्हींच्या मधल्या चाळीस फुटांत चार घरांचं पोट होतं.

त्याच चाळीस फुटांवरून महिन्याभरापूर्वी चुन्याची एक रेघ गेली होती. बंदररस्ता रुंद व्हायचा होता. रस्त्याच्या कामाचा ओव्हरसियर एका सकाळी येऊन, खाडीच्या अंगाने रुंदी घ्यायची असं तूर्त धरून, रेघ मारून गेला होता. रेघ खड्ड्याच्या बरोबर मधून जात होती. दुसऱ्या अंगाला एका बंद पडलेल्या गोदामाची भिंत होती, पण ती भिंत होती आणि ही छपरं होती. भिंतीचा मान मोठा.

कारखान्याचे मुख्य मिस्त्री साठीचे, बुटके, खेड्यातून येणारे. मी पहिल्यांदा दांडा घेऊन छपरापाशी गेलो तेव्हा त्यांनी वाकस खाली ठेवला आणि चारही छपरांतलं काम थांबलं.

"किती दिवस हायेत?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, मी सरकारचा नाही, शाळेचा मास्तर आहे, खेळण्यातलं बंदर करतोय. त्यांनी दांड्याकडे पाहिलं, मग माझ्या चपलांकडे. चपला पाहून त्यांची खात्री पटली असावी, कारण त्यांनी मला बसायला ओंडका दिला.

त्यानंतर पंधरा-वीस दिवस मी शाळा सुटली की तिथेच असे. छपरांची मापं झाली, खड्ड्याची झाली. मग मी एक गाडी करायला घेतली. खरं चाक पाच फुटांचं, म्हणजे माझं सव्वा इंचाचं. खराट्याच्या काड्यांचे आरे, चहाच्या डब्याच्या पत्र्याची धाव. चार संध्याकाळी खपून केलेलं ते चाक मी मिस्त्रींच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, फिरवलं, बाकीच्यांना दाखवलं.

"बेस हाय," ते म्हणाले. "देव्हाऱ्यात ठेवा. गाडीला नको."

मागून कोणीतरी हसलं. मी विचारलं, चुकलं काय?

"सपाट हाय. बैल सरळ चालत नाय, मास्तर. एक पाऊल ह्या अंगाला, एक त्या अंगाला. दर पावलाला गाडी चाकाला कुशीतून ढकलते. सपाट चाक चार कोसात उलटं होतं. आरे बाहेरच्या अंगाला जरा कलते पायजेत. बशीवानी."

मी उठून तिथल्या एका चाकाकडे बाजूने पाहिलं. खरंच ते बशीसारखं होतं. जन्मभर बैलगाड्या पाहिल्या, चित्रं काढली, मुलांकडून काढून घेतली, आणि हे कधी दिसलं नव्हतं. समोरून पाहिलं की चाक गोल दिसतं आणि माणूस समाधानाने घरी जातो. घरी आल्यावर मी बायकोच्या करंड्याचं फुगीर झाकण मागून घेतलं आणि त्यावर आरे टेकवून नवं चाक जुळवलं. मिस्त्रींनी ते ओंडक्यावर ठेवून बोटाने ढकललं. ते गेलं, आणि सरळ गेलं.

"आमचा कारखाना घालनार ना ह्यात?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, चारही छपरं, खड्डा, चिखलातली लाकडं, सगळं मोजलंय.

"मंग बरं. मंत्री बघंल. बघितलं तर इचारंल तरी, ही लोकं कोन म्हनून. रेघ मारनाऱ्यानं नाय इचारलं."

कारखाना मी घरी, एका जुन्या कपाटाच्या फळकुटावर रचला. मग ते फळकूट टेबलावर आपल्या जागी, खाडी आणि रस्ता यांच्यामध्ये बसवलं. रस्ता म्हणजे मांजरपाटाची पट्टी, तिच्यावर खळ लावून बारीक रेती पेरलेली.

प्रदर्शनाला चार दिवस असताना समिती पाहणीला आली. अध्यक्षांना मचवे आवडले. त्यांच्या गिरणीचं धुराडं आवडलं. चौकात त्यांच्या सूचनेवरून मी एक कारंजं केलं होतं, तेही आवडलं. मग त्यांची नजर चार छपरांवर आली आणि तिथेच थांबली.

हे काय, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी येणाऱ्या पिढ्यांकडे पाहून मान हलवली. पाहुण्यांना गावाची प्रगती दाखवायची आहे, तिथे गवताची छपरं आणि चिखल कशाला, असा त्यांचा मुद्दा होता. त्या जागी बाग शोभेल.

"पण तिथे बाग नाही," मी म्हणालो.

"चौकात कारंजं तरी कुठे आहे, मास्तर? ते केलंतच ना?"

पहिल्या खोट्याला हो म्हणणारा माणूस दुसऱ्याच्या वेळी तत्त्व सांगू लागला की हास्यास्पद दिसतो. शिवाय अध्यक्ष शाळेच्या मंडळावरही होते आणि माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. हे कारण मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नाही, पण होतं तेच. मी फळकूट काढून घरी नेलं. त्या जागी लाकडाचा भुसा हिरवा रंगवून सरसाने चिकटवला आणि त्यात वांग्याच्या देठांची चार झाडं लावली. झाडं चांगली झाली होती. वाईट काम करतानाही हात आपलं कसब सोडत नाही.

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी गावकऱ्यांना आत सोडलं. मिस्त्री आले. धुतलेलं धोतर, केसांना तेल, चपला दाराबाहेर. टेबलाच्या एका टोकापासून ते सावकाश पाहत आले. जकातीची चौकी त्यांनी ओळखली, पाराची घासलेली कड पाहून हसले, गोदामाच्या भिंतीवरचा पिंपळाचा कोंब दाखवून शेजारच्या माणसाला म्हणाले, "ह्यो पन सोडला नाय." मग ते बागेपाशी आले.

ते वाकले. एकदा खाडीकडून पाहिलं, एकदा रस्त्याकडून. आपलीच काहीतरी चूक होतेय अशा समजुतीने त्यांनी बोट ठेवून गोदामापासूनची घरं पुन्हा मोजली.

"मास्तर, हितं तर आमी हाय."

मी समितीचं नाव सांगितलं. अध्यक्षांचं मत सांगितलं. ते ऐकत होते, पण माझ्याकडे पाहत नव्हते.

"त्यांनी पुसलं ते समजलं," ते शेवटी म्हणाले. "ते कधी आलेच नाय तिथं. तुमी तर मोजलं व्हतं."

आणि बाहेर जाऊन त्यांनी चपला घातल्या.

मी घरी गेलो. बायको दारात तांदूळ निवडत होती. फळकूट खिडकीत होतं.

"अहो, प्रदर्शन उद्या आहे ना? मग हा कारखाना घरी का बसलाय?" तिने विचारलं.

मी झालेलं सगळं सांगितलं, मिस्त्रींचं वाक्यही. तिने सूप बाजूला ठेवलं, उठून फळकुटावरची धूळ पदराने पुसली आणि ते माझ्या हातात दिलं.

शाळेचा शिपाई दिवे लावायच्या खटपटीत होता. टेबलांवरची धूळ झटकायची आहे असं सांगून मी आत शिरलो. बाग उकरू लागलो. रस्त्याकडचा भाग सहज निघाला, पण खाडीच्या कडेला भुसा उडू नये म्हणून मी सरस जास्त घातला होता. तो दगडासारखा झाला होता. चाकू लावला तर खाडीच उखडू लागली. साडेचार इंच रुंदीची हिरवी पट्टी काही केल्या निघेना. मग मी ती तशीच ठेवली आणि तिच्या अलीकडे फळकूट बसवलं. साहजिकच ते रस्त्यावर आलं. रस्ता कापडाचा होता. मी तो उचलला, गोदामाच्या बाजूला साडेचार इंच सरकवला, मागेपुढे हळूच वळवून मूळ रस्त्याला जोडला. गोदामाची भिंत त्याखाली गेली, पिंपळाच्या कोंबासकट. कोंबाचं तेवढं वाईट वाटलं. बशीसारख्या चाकांची गाडी रस्त्यावर ठेवून मी घरी आलो.

मंत्री दुसऱ्या दिवशी आले, ठरल्या वेळेनंतर दोन तासांनी, आणि टेबलापाशी चारेक मिनिटं थांबले. अध्यक्ष हातात छडी घेऊन वर्णन करत होते. धुराडं झालं, कारंजं झालं. "आणि ही येणाऱ्या पिढ्यांसाठी," असं म्हणून छडी पुढे आली आणि चार गवती छपरांवर थांबली. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी मचव्यांकडे पाहिलं.

तेवढ्यात मंत्री खाली वाकले. गळ्यातला हार टेबलावर टेकू नये म्हणून त्यांनी तो एका हाताने छातीशी धरला आणि दुसऱ्या हाताच्या नखाने गाडी ढकलली. ती बंदराकडे तीन इंच गेली.

"फिरतं की," ते म्हणाले.

"हा आमचा चाकांचा धंदा," अध्यक्ष क्षणभरही न थांबता म्हणाले. "गावाचं भूषण. मी स्वतः आग्रह धरला की हे दाखवलंच पाहिजे."

एवढंच. ही माणसं कोण, हे मंत्र्यांनी विचारलं नाही. मिस्त्री गर्दीत मागे उभे होते. त्यांना काही ऐकू आलं असेल असं वाटत नाही. त्यांच्या दृष्टीने रेघ होती तिथेच होती. मला नोकरीची चिंता होती, पण अध्यक्षांनी पुढे तो विषय कधीच काढला नाही. भूषणाबद्दल माणसाला रागावता येत नाही.

आठवड्याभराने ओव्हरसियर शाळेत आला. रस्त्याचा नकाशा तयार करून मुंबईला पाठवायचा होता आणि बंदराचा जुना नकाशा वाळवीने खाल्ला होता. त्याला कळलं होतं की मास्तरांनी सगळं फूटपट्टीने मोजून केलं आहे. तो पट्टी आणि वही घेऊन दोन तास टेबलावर ओणवा होता. मी प्रामाणिकपणे सांगितलं की सगळं बरोबर आहे, पण कारखान्यापाशी रस्ता साडेचार इंच सरकला आहे, म्हणजे खरोखरीचे अठरा फूट. आणि ती बाग तिथे नाही, ती सरसामुळे राहिली.

त्याने पेन्सिल थांबवली नाही.

"मास्तर, मंत्री स्वतः पाहून गेल्यावर चूक कशी असेल?"

नकाशा गेला आणि मंजूर होऊन आला. उन्हाळ्यात खुंट्या ठोकायला माणसं आली. खाडीच्या कडेपासून अंतर धरायचं होतं. कड भरतीला एकीकडे असते आणि ओहोटीला दुसरीकडे, म्हणून ती कागदावर होती तशी धरली. कडेपासून अठरा फूट बाग, मग कारखाना, मग रस्ता. रस्त्याच्या खाडीकडच्या कडेची पहिली खुंटी गोदामाच्या अंगाला सरकून पडली तेव्हा मी तिथेच होतो. मी ओव्हरसियरला पुन्हा एकदा सांगून पाहिलं की मूळ रस्ता सरळ आहे, त्याला इथे उगाच बाक येईल. हे मी मोठ्या आवाजात सांगितलं नाही.

तो म्हणाला, "कागद बदलायचा तर मुंबईला जावं लागतं. रस्ता इथल्या इथे वळतो."

मिस्त्री छपराखाली काम करत होते. धाव खड्ड्यात लाल झाली होती आणि दोघेजण चिमटे घेऊन उभे होते; अशा वेळी कोणालाही थांबता येत नाही. त्यांनी ती चाकावर चढवली, ठोकली, वर पाणी ओतलं. वाफ निवल्यावर ते धोतराला हात पुसत बाहेर आले, खुंटीपाशी गेले आणि तिथून आपल्या खड्ड्याकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे आले आणि हात पुढे केला. मी दांडा दिला.

चुन्याच्या जुन्या रेघेचा पुसट माग अजून दिसत होता. तिथे दांड्याचं टोक टेकवून त्यांनी मोजायला सुरुवात केली. एक दांडा, दोन, तीन. सहावा दांडा बरोबर खुंटीला टेकला. ते परत गेले आणि पुन्हा मोजलं. तेवढंच आलं.

"तुमच्या दांड्यात खोट नाय ना?" त्यांनी विचारलं.

"दांड्यात नाही," मी म्हणालो.

बाग पाहिल्यापासून ते पहिल्यांदा हसले, तेही अर्धंच. मग त्यांनी दांड्याचं टोक धोतराने पुसलं आणि सांगितलं की टोकाला लोखंडाची टोपी नाही, असाच वापरलात तर वर्षभरात पाव इंच झिजेल. खड्ड्याशेजारच्या धावांच्या तुकड्यांतून एक बारीक पट्टी काढून त्यांनी ती तापवली, वळवली, दांड्यावर चढवली आणि पाण्यात विझवली. ती अजून घट्ट आहे.

कारखाना त्यानंतर बरीच वर्षं चालला. पुढे मालमोटारी वाढल्या आणि गाड्याच कमी झाल्या. त्यावर कोणत्याही मापात उपाय नव्हता. पण त्याआधी मिस्त्रींची माणसं उठली नाहीत. बंदररस्त्याला तिथे बाक अजून आहे. सरळ रस्ता मध्येच गोदामाकडे का झुकतो, असं नव्या माणसाने विचारलं की लोक जुनी विहीर सांगतात, कोणी पिराची जागा सांगतं. मी गप्प बसतो. आणि खाडीच्या कडेला अठरा फुटांची एक बाग सरकारी कागदात आहे. भरतीच्या वेळी ती पाण्याखाली असते. मिस्त्री तिच्यात लाकडं पुरत असत.